मार्गशीर्षातली रिपेरी

मार्गशीर्षात छपराचे कवेलू कोणी फेरत नाही. कवेलू फेरायचे ते वैशाखात, पावसाच्या तोंडावर, हे तेलंगणातल्या मंचेरियलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे घरच्या लेकीच्या, चारुलताच्या, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, घरात करंज्या तळणं चालू असताना, मागच्या अंगणातल्या चार नंबरच्या खोलीवर माणूस चढून एकेक कवेलू खाली द्यायला लागला, तेव्हा पद्मिनीने हातातला झारा तसाच धरून विचारलं, "ताई, आज काऊन?"

कुमुदिनीने कढईतून नजर वर केली नाही. "मामंजींनी सांगितलं. खोली गळते म्हणे."

"थंडीच्या दिवसांत कशी गळून राह्यली?"

"करंज्या पाहा पद्मिनी, लाल होतील."

पद्मिनी ही धाकटी जाऊ. नवऱ्याबरोबर, गोपाळरावांबरोबर, कालच हैदराबादेहून आली होती. तिकडे दोघं भाड्याच्या घरात राहत, त्यामुळे मालक लोकांच्या वागण्याचा वास तिला लवकर येई. तिने करंज्या काढल्या, झारा कढईच्या काठावर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "चार नंबर म्हणजे मालनबाईचीच ना? तिचा नवरा दवाखान्यात आहे ना?"

"आज घरी आणून राह्यले."

"बरा झाला?"

"नाही," कुमुदिनी म्हणाली.

पद्मिनीने पुढच्या करंज्या तेलात सोडल्या. 

काल संध्याकाळी मालनबाई दवाखान्यातून येऊन मागच्या दारात उभी राहिली होती. डोळे कोरडे होते. "डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. गावी भीमपूरलोक नेली असती गाडी, पण तेथवर जीव पोचत नाही म्हणाले. उद्या इथंच आणतो त्याइले." कुमुदिनीने तिचा हात हातात घेतला होता आणि म्हटलं होतं, "आणा हो मालनबाई. घर आपलंच आहे." हे तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि पुढे जे झालं ते तिला म्हणूनच जास्त लागलं. आत येऊन तिने सासऱ्यांना ही बातमी सांगितली. व्यंकटरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "चार नंबरची रिपेरी काढ."

एवढंच. तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. विचारलं नाही, कारण समजलं होतं. माणूस बोलवायला निरोपही तिनेच धाडला.

या सहा खोल्या म्हणजे व्यंकटरावांच्या जन्माची कमाई. निजामाच्या वेळेपासून तहसिलीत कारकुनी करून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी त्या उभ्या केल्या. खाणीत लागलेल्या माणसाला क्वार्टर मिळेपर्यंत केस पांढरे व्हायचे, रेल्वेवाल्यांच्या बदल्या व्हायच्या, तेव्हा खोली कधी रिकामी म्हणून राहिली नाही. कुमुदिनी सून म्हणून आली आणि दोनचार वर्षांतच किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला. नवरा शरदचंद्र शाळेत हेडमास्तर. भाडं मागायला जायची त्यांना लाज वाटे. खायची वाटत नसे, पण ते असो.

सासऱ्यांनी तिला हा धंदा अक्षर गिरवायला शिकवावं तसा शिकवला. पगाराच्या दिवशी किराया मागू नये, दुसऱ्या दिवशी मागावा. पहिल्या दिवशी माणसाला पैसा नवा असतो, सोडवत नाही. खोली द्यायची ती नवऱ्याकडे पाहून नाही, बायकोकडे पाहून. आपण नळावर घागर लावण्याआधी भाडेकरणीला लावू द्यावी, वर्षभर तकरार राहत नाही. किराया चालत्या माणसाला वाढवू नये, नव्या माणसाला वाढवावा. एकदा किल्ली दिली की खोलीत पाय ठेवण्याआधी बाहेरून हाक मारावी, भले खोली आपली असो. कुमुदिनीला हे सगळं पटायचं. सासऱ्यांबद्दल तिला आदर होता तो या गोष्टींमुळे. आणि त्यातलाच एक नियम होता: भाडेकरूच्या घरात कोणी अंथरुणाला लागलं की रिपेरी काढावी.

गावातले बाकीचे मालक उघड करत. भाड्याच्या घरात मरण होऊ द्यायचं नाही, मेलंच तर प्रेत आत आणू द्यायचं नाही. रस्त्यावर मांडव घालून लोक आपल्या माणसाला ठेवत. त्यात पंचक लागलं तर खोली कित्येक महिने बंद, आणि पुढे कोणी ती घ्यायलाही तयार होत नाही. व्यंकटराव या मालकांना नावं ठेवत. "आपण मराठी माणसं, आपण असं करत नाही," असं ओट्यावर बसून सांगत. आणि नवा भाडेकरू आला की पुढचं वाक्य ठरलेलं: "या खोल्या बरकतीच्या आहेत. पाया भरल्यापासून इथं एक मरण नाही झालं." तेलुगू मंडळी त्या वाक्यावर भाळत आणि चार रुपये जास्त देत.

दुपारी जीप आली.

ती अंगणाच्या फाटकाशी थांबली तेव्हा चार नंबरच्या खोलीवर एकही कवेलू नव्हता. नुसते वासे उरले होते, आणि भिंतीच्या कडेने कवेलूंची चळत रचलेली. पाच नंबरमधला ओदेलू आणि आणखी दोघं मालनबाईच्या नवऱ्याला, चंपतरावाला, चादरीत उचलून खाली घेत होते. माणूस इतका हलका झाला होता की तिघांची गरज नव्हती. मालनबाई मागून उतरली. तिने वर पाहिलं, मग कवेलूंच्या चळतीकडे, मग मागच्या दारात उभ्या असलेल्या कुमुदिनीकडे.

"खोली गळत होती," कुमुदिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. "मामंजी म्हणाले, पाहुण्यांच्या आधी... मालनबाई, धर्मशाळेत एक खोली मिळते. गोपाळभाऊजी सोय करून देतील."

हे धर्मशाळेचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या तोंडून आपोआप आलं, इतकी ती तयार झाली होती.

मालनबाईने पदर खोचला. "ओदेलूची बायको कालच म्हणे मले," ती शांतपणे म्हणाली. "म्हणे, उद्या तुमचे कवेलू उतरतीन पाहा. मी म्हटलं, नाई वं, आमची बाई तशी नाई."

ओदेलूची बायको ओट्यावर उभी होती. तिने मान फिरवली. कुमुदिनीने एकेका दाराकडे पाहिलं. बाकीच्या पाचही दारांत माणसं होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. बरकतीच्या खोल्यांची गोष्ट फक्त या घरातल्या माणसांना खरी वाटत होती. बाकी सारं अंगण कधीपासून जाणून होतं.

"आत घ्या त्याइले," मालनबाई ओदेलूला म्हणाली. "या महिन्याची खोली आमचीच आहे."

त्यांनी चंपतरावाला आत नेलं आणि छत नसलेल्या खोलीत त्याच्या बाजेवर निजवलं.

माजघरात तोवर बैठक बसली होती. गोपाळराव येरझाऱ्या घालत होते. त्यांना राग मालनबाईचा आला होता. "सांगितलं ना धर्मशाळेचं? मग? उद्या सकाळी साखरपुडा, संध्याकाळच्या गाडीनं चांद्याहून पाहुणे उतरून राह्यले. फाटकातून येतानाच त्यांना तिरडी दिसली तर काय म्हणतील? वहिनी, तुम्ही जरा कडक बोलायला पायजे होतं."

"कडक अजून काय बोलायचं राह्यलं?" पद्मिनी म्हणाली.

"तू मधात बोलू नको."

"सकाळी मी पण गप्पच बसले. मला पण वाटलं, पोरीचं शुभकार्य आहे, चालू द्या." पद्मिनी नवऱ्याकडे पाहत नव्हती, जावेकडे पाहत होती. "ताई, माझी आई आमच्याकडं आजारी पडली होती, आठवते? तुम्हाला कळवलं होतं की आई दादाकडं गेली आणि तिथं वारली. दादाकडं नव्हती गेली. मालकीणबाईनं तिला हलवायला दोन दिवस दिले होते. लॉजवर वारली माझी आई. यांनीच नेलं रिक्षात घालून."

गोपाळराव थांबले. ही गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती आणि ती सांगायची नाही असं दोघांत ठरलेलं असावं, कारण त्यांचा चेहरा मारल्यासारखा झाला. "आबांसमोर हे काढायची काही गरज नव्हती," एवढंच ते म्हणाले, आणि खाली बसले.

शरदचंद्र वर्तमानपत्र वाचत होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" ही चारुलता होती. हाताला मेंदीची तयारी म्हणून तिने बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

"घराचं तुझी आई बघते," शरदचंद्र म्हणाले.

कुमुदिनीने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस तिला कधी इतका लहान दिसला नव्हता, आणि पुढच्याच क्षणी तिला वाटलं, मी कोण मोठी लागून गेले?

चारुलता आजोबांकडे वळली. "आबा, आपल्या खोल्यांत कोणी मेलं नाही, ते असं?"

व्यंकटराव आरामखुर्चीत होते. वय झालं होतं पण कान शाबूत होते. "मागं पंतुलू भाडेकरू होता, त्याला कावीळ झाली तेव्हा खोलीची जमीन खोदली," ते म्हणाले, जणू कोणी दाखला मागितला होता. "रेल्वेतल्या केबिनवाल्याच्या म्हातारीला दमा होता, तेव्हा भिंत पाडून बांधली. खर्च आपण केला. एका पैशानं कोणाला तोशीस दिली नाही, एक शब्द वाईट बोललो नाही. रस्त्यावर काढलं नाही कोणाला. जे गेले ते हात जोडून गेले. पोरी, या किरायावर तुझा बाप शिकला, हा तुझा काका शिकला. एक खोली बदनाम झाली की सहाही होतात. मालमत्ता सांभाळायची म्हणजे हे आलंच."

कुमुदिनीला केबिनवाल्याची म्हातारी आठवली. तेव्हा ती नवी नवरी होती. म्हातारीची भांडी तिने स्वतः टांग्यापर्यंत नेऊन दिली होती, निघताना ओटी भरली होती. म्हातारीने तिच्या गालावरून बोटं फिरवली होती. भिंतीला भेग गेली आहे, तेवढी बांधून झाली की या परत, असं तिने म्हाताऱ्या बाईला सांगितलं होतं. तेव्हा तिला ते खरं वाटत होतं. पंतुलूच्या वेळी? पंतुलूच्या वेळी तिने जमिनीला हात लावून पाहिला होता आणि जमीन चांगली टणक आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने हात पदराला पुसला आणि स्वयंपाकाला लागली होती. म्हणजे कळलं ते कालच नव्हे. कळून बरीच वर्षं झाली होती. आपण भाबड्या होतो असं म्हणायचीही सोय उरली नव्हती.

लाज माणसाला घाम आणते असं म्हणतात. तिला थंडी वाजायला लागली.

पद्मिनी उठली, फडताळातली जाड रजई काढली आणि मागच्या दाराने निघाली. गोपाळरावांनी "पद्मिनी" अशी हाक मारली. ती थांबली नाही. कुमुदिनी तिच्या पाठोपाठ गेली. सोबत गरम पाण्याचं भगुणं घेतलं, कारण रिकाम्या हातांनी त्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती.

दार उघडंच होतं, छत तर नव्हतंच, तरी तिने सवयीने बाहेरून हाक मारली. "मालनबाई, येऊ का?" स्वतःचंच ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या," आतून आवाज आला.

वाशांमधून ऊन तिरपं येऊन बाजेवर पडलं होतं. चंपतराव उताणा होता. श्वास वाजत होता, पण डोळे उघडे होते आणि वर लागलेले होते. पद्मिनीने त्याच्या अंगावर रजई घातली.

"मालनबाई," कुमुदिनी म्हणाली, "त्यांना आमच्या माजघरात आणू. मी बोलते सगळ्यांशी. हे असं उघड्यात..."

"नको, बाई. तुमच्या घरी शुभकार्य आहे."

"तरी आणू."

"नको." मालनबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती, तळवे चोळत होती. "सारी उमर खाणीत, जमिनीच्या आत गेली त्याइची. अंधारात उतरायचे, अंधारात निघायचे. सुट्टीच्या दिवशी झोपून राहायचे. आता आभाळ पाहून राह्यले. मघापासून डोळा हलवला नाई. पाहू द्या." मग थोड्या वेळाने, तक्रार म्हणून नव्हे तर आठवलं म्हणून ती म्हणाली, "इचोड्याहून पोरगी निघाली आहे. ती येईपर्यंत राह्यले त बरं."

शिव्या दिल्या असत्या तर कुमुदिनीने त्या पदरात घेतल्या असत्या. तिला त्या हव्याच होत्या. पण मालनबाईला आज मालकिणीसाठी वेळ नव्हता.

पोरगी आली. चंपतराव तिने पाजलेलं पाणी गिळून, ऊन भिंतीवर चढलं तेव्हा गेला. रडणं फार झालं नाही. कुमुदिनीने पिठाचे हात धुवावेत तसे हात धुऊन, मातीचं मडकं, गोवऱ्या, जे लागलं ते घरातून काढून दिलं. व्यंकटरावांनी आरामखुर्चीतून विचारलं, "पंचक आहे का बघा." कोणी बघितलं नाही.

तिरडी बांधणं चालू होतं आणि फाटकाशी दोन रिक्षा थांबल्या. चांद्याचे पाहुणे. मुलाचे वडील उद्धवराव पुढे होते, मागे त्यांच्या घरची माणसं. उद्धवराव हसरा, मोकळा माणूस. चांद्याला बाजारात त्यांचीही भाड्याने दिलेली जागा होती. अंगणातली गर्दी पाहून ते थबकले.

गोपाळराव धावत पुढे झाले. "या, या. ते काही नाही, मागं एक भाडेकरू... तो दवाखान्यातच गेला, इथं फक्त दर्शनाला आणला. आणि खोलीची जरा रिपेरी चालू आहे. तुम्ही पुढच्या दारानं या."

शरदचंद्रांनी मान डोलावली. तेवढं त्यांना जमलं.

कुमुदिनी पाहुण्यांच्या पाठोपाठ बाहेरच्या खोलीत गेली. पाणी दिलं, गूळ दिला. आणि उभी राहिली. आता बोललो नाही तर हे वाक्यही भिंतीत चिणलं जाईल, आणि उद्यापासून चारुलताही तेच सांगत फिरेल, एवढंच तिला कळत होतं. साखरपुडा मोडला तर मोडू दे, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आला.

"भाऊजी खरं बोलले नाहीत," ती म्हणाली. "माणूस इथंच गेला, आमच्या खोलीत. खोली गळत नव्हती. तो इथं मरू नये म्हणून काल आम्ही माणूस बोलावला आणि सकाळी कवेलू काढले. निरोप मी धाडला. याआधीही असंच केलं आहे. तुम्ही सोयरीक करून राह्यले तर कोणाशी करता ते तुम्हाला माहीत असावं."

गोपाळरावांनी कपाळाला हात लावला. शरदचंद्र जमिनीकडे पाहत होते. उद्धवरावांनी फुलपात्र खाली ठेवलं, आणि कुमुदिनी त्यांच्या उठण्याची वाट पाहू लागली. ते उठावेत असं तिला वाटत होतं. कोणीतरी एकदा उठून जावं.

उद्धवराव हसले. "एवढंच ना? बसा हो ताई, बसा." त्यांच्या आवाजात खरंच जिव्हाळा होता. "अहो, आम्ही तर नुसती नोटीस देतो, मग भांडण होते, चार लोक गोळा होतात. हे रिपेरीचं बेस आहे. कोणाला बोलायला जागा नाही. मला वाटलं होतं मास्तरांचं घर, व्यवहार कमी असेल. आता बिनघोर झालो. आईच्या हाताखाली पोरगी तयार झाली असेल." मग घरातल्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना? शिकण्यासारखं आहे."

सगळे मोकळे झाले. गोपाळराव हसले, शरदचंद्रांनी पान पुढे केलं, आतून व्यंकटरावांच्या खोकण्याचा समाधानी आवाज आला. मागून मालनबाईच्या पोरीचा हंबरडा ऐकू आला, तिरडी उचलली असावी. उद्धवरावांनी हात जोडून ती दिशा नमस्कारली आणि उद्याच्या मुहूर्ताचं विचारलं.

कुमुदिनी माजघराच्या दारात आली. दाराआड चारुलता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. एका हातावर पद्मिनीने काढलेली मेंदी अर्धीच होती. आईच्या खांद्याला तिने कोपराने हलकेच स्पर्श केला, मेंदी लागू नये म्हणून.

"आई," तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मी तिकडं कधी अंथरुणाला लागली, तर ते लोक रिपेरी काढतील का गं?"